जुनी फियाट घाटात, घड्याळात आणि रॅलीत: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

1937 साली फियाटने 1089 सीसीचं एक इंजिन बाजारात आणलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75. हेच माप पुढे आपल्या प्रीमियर पद्मिनीत शेवटपर्यंत, म्हणजे 2000 सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत राहिलं. मधल्या काळात या घराण्याने बरंच काही पाहिलं. युद्धानंतरच्या इटालियन चिसितालिया रेसिंग गाड्यांत फियाट 1100 चंच इंजिन होतं, आणि 1947 च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या रस्ता-शर्यतीत नामवंत चालक ताझियो नुवोलारीने अशाच एका उघड्या चिसितालियात बसून दुसरा नंबर काढला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस काउंट जोव्हानी लुरानीच्या कल्पनेतून फॉर्म्युला ज्युनियर ही नवख्या चालकांसाठीची शर्यत-श्रेणी सुरू झाली. त्यात स्टांगेलिनीच्या एक-आसनी गाड्या याच इंजिनातून मूळच्या जवळजवळ दुप्पट ताकद काढत होत्या. त्या गाड्या आजही युरोपात ऐतिहासिक शर्यतींत पळतात. तेव्हा शेजाऱ्यांनी ‘टॅक्सी घेतलीस का रे?’ म्हणून हसायला सुरुवात केली की हे त्यांना खुशाल ऐकवा.

मात्र हे वाचून लगेच दोन कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर बसवायला धावू नका. चाळीसेक हॉर्सपॉवरची गाडी पुण्याच्या आसपास कुठल्याही जुन्या गाड्यांच्या स्पर्धेला पुरते. अडतं ते थांबण्यात, तापण्यात आणि पेट्रोलमध्ये. हा लेख बराचसा त्याबद्दलच आहे.

आधी खेळ ठरवा

‘हिस्टॉरिक रेसिंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर इंग्लंडमधलं गुडवुड येतं. ते सर्किट 1948 ते 1966 चाललं आणि 1998 पासून ‘रिव्हायव्हल’ या जुन्या गाड्यांच्या सोहळ्याच्या रूपाने तिथे पुन्हा चाकाला चाक लावून शर्यती होतात. मोनॅकोची ऐतिहासिक ग्रांप्री 1997 ची, ल मांस क्लासिक 2002 ची. या जगात उतरायचं तर एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा महासंघाचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. गाडी तिच्या काळात जशी पळत होती तशीच आहे, हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. आणि त्या मॉडेलला त्या काळात आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास असावा लागतो. पद्मिनीला तो पासपोर्ट मिळेल अशी आशा धरू नका.

आपल्याकडे एकेकाळी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड सुसाट पळायच्या. आज ट्रॅकवर जायचं तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, नाहीतर कोइमतूरचं कारी. दोन्ही पुण्यापासून लांब, आणि जुनी गाडी ट्रेलरवर घालून नेण्याचा खर्च ऐकून घरात वाद होतील. म्हणून पुणेकराने सुरुवात टीएसडी रॅलीने करावी, हे माझं स्पष्ट मत आहे. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या रस्त्याने, बरोबर सेकंदाला पोचायचं. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. आजची मिल्ले मिलियाही अशीच वेळेच्या अचूकतेवर चालते. 1927 ते 1957 मधली मूळ स्पर्धा मात्र खुल्या रस्त्यांवरची खरी शर्यत होती. त्या मूळ शर्यतीत फियाट 1100 पळाल्या होत्या, हाही एक मुद्दा शेजाऱ्यांसाठी राखून ठेवा.

गाडी बघायला जाल तेव्हा

फियाटशिवाय दोन पर्याय प्रामाणिकपणे विचारात घ्यावेत. स्टँडर्ड हेराल्ड वेगळ्या चासीवर बांधलेली असल्याने बॉडीचं काम सोपं जातं, पण मागचा स्विंग अ‍ॅक्सल (चाकं वर-खाली होताना आत-बाहेर कलवणारी जुनी रचना) वळणावर अचानक दगा देतो. घाटात नवख्याने तिच्याशी खेळू नये. अ‍ॅम्बेसेडर मजबूत आहे, पण जड आहे. तिचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) बिडाचं असल्याने शिसेविरहित पेट्रोलवर जोरात चालवली तर व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खाली बसतात, म्हणून हेड उघडलंच तर कडक सीट बसवून घ्या. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्यात सीट वेगळ्या बसवलेल्या, त्यामुळे तिथे ही काळजी कमी. तिची दुखणी वेगळी, ती पुढे येतीलच.

गाडी पाहताना रंगाकडे बघू नका. पायाखालची मॅट उचला, चालकाच्या टाचेखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत फक्त पुट्टी आणि डांबर आहे. मग डिकीतली स्टेपनी काढून तिची जागा पाहा, आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेले असतात तिथे टॉर्च मारून बघा. इंजिन दुरुस्त करता येतं, सडलेली बॉडी पैसे गिळते. ‘डुक्कर’ फियाट (1950 च्या दशकातलं 1100 मॉडेल) घेत असाल तर एक जादा तपासणी: तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूने बिजागरीत बसवलेले असतात. कुलूप ढिलं असेल तर चालत्या गाडीत वाऱ्याने दरवाजा सताड उघडतो. ते कुलूप पहिल्याच आठवड्यात नीट करून घ्या आणि पट्टे बसवा.

कागद, संगम पुलावरच्या आरटीओत जायच्या आधी

पंधरा वर्षांनंतरच्या खासगी गाडीला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी जणांना ठाऊक असलेला रस्ता म्हणजे 2021 चा व्हिंटेज नियम. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000 रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. 1974-75 च्या पहिल्यावहिल्या पद्मिनी आता या वयात येऊन बसल्या आहेत.

पण घाई नको. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी सकाळी घाटात सराव करायचा आणि मिसळ खाऊन यायचं असा बेत असेल तर साधी पुनर्नोंदणी बरी. खूप जुनी, क्वचित बाहेर काढायची गाडी असेल तर व्हिंटेज नोंदणी शोभते.

विम्याचा कागद नीट वाचा. नेहमीच्या पॉलिसीत ‘संघटित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी’ यासाठीचा वापर वगळलेला असतो. रॅलीसाठी आयएमटी 31 हे जोड-कलम आहे. ते घेतल्याशिवाय रॅलीत गाडी ठोकली गेली तर खिशातून भरायची तयारी ठेवा. विमा एजंटला हे कलम विचारलं की तो आधी फोन होल्डवर ठेवतो. चिकाटी सोडू नका, आणि होकार लेखी घ्या. एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पर्धांच्या महासंघाच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धेला चालक आणि सहचालक दोघांसाठी कुठला परवाना लागतो, तेही प्रवेशपत्रिका भरतानाच आयोजकांकडून पक्कं करून घ्या.

ब्रेक: इथे कंजुषी नाही

फियाटला चारही चाकांना ड्रम आहेत आणि जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. उरतो हँडब्रेक आणि देव. म्हणून काम कुठूनही सुरू करा, पण गाडी रॅलीला न्यायच्या आधी हे संपलेलं हवं.

ड्रम काढा. व्हील सिलिंडरच्या टोकाला असलेली रबरी टोपी नखाने हळूच मागे सारा. आत कोरडं असेल तर छान. बोटाला तेलकट ओल लागली की सिलिंडर गळतोय. त्या चाकाचं किटच नाही तर चारही चाकांची किटं एकदम बदला, कारण ती एकाच वयाची असतात. मागच्या चाकाच्या लायनरवर काळपट चिकट थर असेल तर ते ब्रेक ऑइल नसून अ‍ॅक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचा वास वेगळा असतो, जुना मिस्त्री हुंगून सांगतो. असा भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. नवे शू लावा.

मग हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. एक जण आत बसून पेडल मारतो, दुसरा खाली. ‘दाब… अजून… धरून ठेव!’ निपल उघडलं की नळीतून आधी चहासारखं तपकिरी तेल येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. आतला माणूस खालच्याने ‘सोड’ म्हणायच्या आधी पाय उचलतो आणि हवा परत आत जाते. पुण्यातल्या निम्म्या स्पंजी ब्रेकांचं कारण एवढंच असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर वर्षी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पूर्ण बदला.

हे सगळं करूनही लांब उतारावर ड्रम तापून ब्रेक बसतो, म्हणजे पेडल दाबलं तरी गाडी आवरत नाही. त्यावर उपाय एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरण्याची जुनी सवय ज्यांना आहे त्यांना सुकाणूवर बसवू नका, मग ते सख्खे काका असले तरी.

टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांपुढचं रबर घाटात भरवशाचं नाही.

तापणं आणि पेट्रोल

फियाटचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. जास्त तापली की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. ओळखायला सोपं: थंड गाडीचं रॅडिएटर झाकण काढा, इंजिन चालू करा, पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस्केटमधून गॅस येतोय. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. या दोन्हीपैकी काही दिसलं तर रॅलीचा विचार बाजूला ठेवा आणि हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला द्या.

नसेल तर रॅडिएटर काढून रॅडिएटरवाल्याकडून नळ्यांत सळई घालून साफ करून घ्या. पुण्यात बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या गाड्यांच्या नळ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या असतात. पुन्हा भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. मग थर्मोस्टॅट पाहा. बऱ्याच गॅरेजांत ‘गाडी तापते’ म्हटलं की पहिला उपाय म्हणून तो काढून फेकलेला असतो. तो परत बसवा. इंजिन फार थंड चाललं तरी झीज वाढते, आणि थंडीत चोक ओढून किलोमीटर दोन किलोमीटर जावं लागतं.

पेट्रोलचं प्रकरण जास्त किचकट आहे. आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे पाचात एक भाग इथेनॉल. पेट्रोलला पूर्ण जळायला साधारण 14.7 पट वजनाची हवा लागते, इथेनॉलला 9 पट. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) तेच राहिले तर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, चढावर खेचत नाही आणि कधी कार्ब्युरेटरमधून फटका देतं. प्लग काढून बघा: टोक पांढरं पडलं असेल तर मिश्रण पातळ, काजळी असेल तर गडद, बिस्किटी असेल तर बरोबर. पांढरं असेल तर एक माप मोठा मेन जेट शोधा. जुना जेट ड्रिलने मोठा करणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नको म्हणा. आणि जेट तारेने साफ करू नका, हवेनेच करा.

इथेनॉल दुसरी गोष्ट करतं ती रबरावर. जुन्या होज, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे सील फुगतात, मऊ पडतात, मग त्यांचे काळे कण कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये जमतात. फ्लोट चेंबर उघडलात आणि तळाशी काळी माती आणि पाण्याचा थेंब वेगळा दिसला, तर टाकीही काढून धुवायची वेळ आलीय. इथेनॉलसाठी चालणाऱ्या फ्ल्युओरोइलास्टोमरच्या (बाजारात ‘व्हायटॉन’ म्हणून मागा) होज वापरा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साचू देऊ नका.

एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढून सिग्नलला उभी राहिली की पेट्रोलची वाफ होऊन पंप बसतो. ओलं फडकं पंपावर गुंडाळणं हा जुना उपाय आजही चालतो. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवणं आणि कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग.

इंजिन ऑइल 20डब्ल्यू-50 चांगलं मिनरल. पातळ आधुनिक ऑइल या इंजिनाला मानवत नाही.

नाना पेठ आणि जुना बाजार

सामानासाठी नाना पेठेतली स्पेअरची दुकानं आधी फिरा, दुकानदाराला गाडीचं साल सांगा आणि जुना पार्ट बरोबर न्या. फोटो दाखवून काम होत नाही. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात डायनॅमो, दिव्यांच्या काचा, मूळ काबला-नट असं काही मिळून जातं. तिथे मिळालेलं रबर आणि ब्रेकचं काहीही घेऊ नका. इलेक्ट्रिकचं बघून घ्या. इग्निशनचे नवे कंडेन्सर कधी कधी जुन्यापेक्षा आधी मरतात, म्हणून चालू गाडीतला जुना कंडेन्सर फेकू नका. तो पिशवीत ठेवा, तोच शेवटी घरी आणतो.

सुकाणूकडच्या किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्या) ग्रीस पोचतंय का ते गनने पाहा. ग्रीस वरच्या बाजूने बाहेर येत नसेल तर निपल बुजलंय.

सरावाचा रस्ता

पहिली चाचणी गावातच, पहाटे. दुसरी अशी: हडपसरहून दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, खेड शिवापूर आणि परत कात्रजच्या जुन्या घाटाने. यात एक लांब चढ, एक सपाट पट्टा, थोडा खराब रस्ता आणि शेवटी एक उतार असं सगळं येतं. ज्येष्ठाच्या अखेरीस माउलींची पालखी दिवे घाटातून जाते त्या दिवसांत तिकडे फिरकू नका.

वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं चालू ठेवा, मग बंद करा, बॉनेट उघडा आणि हात लावून नाही, नाकाने आणि डोळ्यांनी बघा. रॅडिएटरचं गरम झाकण उघडू नका. चाकांजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धग देत असेल तर त्याचा ब्रेक घासतोय. ही एक तपासणी मीटरपेक्षा जास्त सांगते. पसरणी किंवा ताम्हिणी हे पुढचं. वरंधा घाट पावसाळ्यात नको.

रोडबुक आणि घड्याळ

स्पर्धेत जिंकणं-हरणं शेजारच्या सीटवर ठरतं. सहचालक असा घ्या ज्याला हिशेब आवडतो आणि जो चुकीचं वळण घेतल्यावर ओरडत नाही. दुसरी अट जास्त कठीण.

आधी ओडोमीटर जुळवा. आयोजक बहुधा मोजमापासाठी एक पट्टा देतात. समजा त्यांचं अंतर 8.00 किलोमीटर आणि तुमच्या मीटरवर 8.30 आलं. म्हणजे त्यांचा प्रत्येक किलोमीटर तुमच्याकडे 1.0375 दिसतो. रोडबुकात (आयोजकांनी दिलेली रस्त्याची वही) 5.00 वर डावीकडे वळा लिहिलं असेल, तर तुमच्या मीटरवर ते 5.19 ला येईल. टायरची हवा बदलली की हा आकडा हलतो, म्हणून हवा त्या दिवशी सकाळी भरा आणि मग दिवसभर छेडू नका.

वेळेचं गणित एका ओळीत: 3600 भागिले वेग म्हणजे एका किलोमीटरला लागणारे सेकंद. 30 च्या वेगाला 120, 36 ला 100, 40 ला 90, 45 ला 80. ताशी 36 च्या सरासरीने 12.4 किलोमीटरचा टप्पा असेल तर 1240 सेकंद, म्हणजे 20 मिनिटं 40 सेकंद. हे कागदावर आधीच लिहून ठेवा: डावीकडे किलोमीटर, उजवीकडे त्या क्षणी घड्याळात काय दिसायला हवं. वेग बदलतो तिथे जाड रेघ मारा. सहचालक दर किलोमीटरला फक्त ‘चार मागे’ किंवा ‘सहा पुढे’ एवढंच बोलतो. चालकाने उत्तर द्यायचं नाही.

चढावर गाडी मागे पडणारच. म्हणून चढ येण्याआधी सपाटीवर काही सेकंद कमवून ठेवावेत असं वाटतं, पण मध्येच छुपी तपासणी असते आणि बऱ्याच स्पर्धांत लवकर पोचण्याचा दंड उशिरापेक्षा जड असतो. नियम वाचल्याशिवाय हा जुगार खेळू नका. तसंच तपासणीच्या ठिकाणाच्या नजरेच्या टप्प्यात थांबून वेळ भरून काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. काही सेकंद घालवायचे असतील तर ते आधीच, वळणापलीकडे घालवा. मोबाइलवरचा जीपीएस चालतो का, हेही आयोजकांना आधी विचारा.

त्या दिवशी गाडीत

फॅन बेल्ट, पॉइंट, तो जुना कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, पंपाचं किट, चार क्लिपा, दोन हात होज, फ्यूज, दोन लिटर कूलंट, ओढायचा दोर, टॉर्च आणि सुती फडकी. अग्निशामक सीटच्या हाताला लागेल असा पट्ट्याने बांधलेला हवा, डिकीत ठेवलेला नव्हे. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. जुन्या वायरिंगचं कापडी आवरण तुटलं असेल तर रॅलीच्या आधी वायरिंग बदला, यात पैसे वाचवायचे नाहीत.

आणि घरी परत आल्यावर, थकवा कितीही असो, दुसऱ्या सकाळी ड्रम थंड असताना प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. जे चाक अडखळतं त्याचा ड्रम काढा, पुढच्या रॅलीचं काम तिथून सुरू होतं.